ग्लोव्हज घातलेला हात आणि धुतलेला हात

सँडविचच्या दोन गाड्या शेजारी शेजारी असतील, एकीवरच्या माणसाने काळे ग्लोव्हज घातले असतील आणि दुसरीवरचा उघड्या हाताने काकडी लावत असेल, तर बहुतेकांचे पाय पहिल्या गाडीकडे वळतात. कोविडनंतर तर ग्लोव्हज म्हणजे स्वच्छता हे समीकरण पक्कंच झालंय. मात्र पाच मिनिटं बाजूला उभं राहून त्या ग्लोव्हजवर लक्ष ठेवा. ब्रेडला बटर लागतं, मग गल्ल्यातून सुटे निघतात, गॅसचं बटण फिरतं, ओल्या फडक्याने पाट पुसला जातो, कपाळावरचा घाम निपटला जातो, आणि तोच हात पुन्हा काकडीवर येतो. हे सगळं उघड्या हाताने झालं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

धुतलेला हात आणि झाकलेला हात यांची गल्लत होते ती इथे.

हातावर जंतू दोन प्रकारांनी असतात. काही बाहेरून चिकटलेले असतात: संडासातून, कच्च्या चिकनवरून, नोटांवरून, दाराच्या कडीवरून. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस हे असे हातावरून अन्नात जातात. साबण आणि वाहतं पाणी यांनी ते बरेचसे निघून जातात, फक्त वीसेक सेकंद नीट चोळायला हवं; बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा बहुतेकांची राहूनच जाते. सॅनिटायझरचा नोरोव्हायरसवर फारसा इलाज चालत नाही, शिवाय हात तेलकट किंवा पिठाळ असतील तर तो नीट लागतही नाही. दुसरे जंतू अंगावरच मुक्कामाला असतात. स्टॅफिलोकॉकस त्यातला, नाकात आणि त्वचेवर राहणारा, पिकलेल्या जखमेत तर भरपूर. तो हात धुऊन पूर्ण जात नाही.

ग्लोव्हजचा खरा उपयोग इथे आहे. बोट कापलंय, त्यावर पट्टी आहे, तर पट्टीवर ग्लोव्ह हवाच. हात नुकता धुतलाय, ग्लोव्ह कोरा आहे आणि पुढची दहा मिनिटं फक्त फळं कापायची आहेत, तर त्याच्याइतकी चांगली सोय नाही. पण रबराला किंवा प्लॅस्टिकला जंतू चिकटत नाहीत असं काही नाही. जे कातडीला चिकटतं ते त्यालाही चिकटतं. वर एक तोटा असा की उघड्या हाताला चिकट, ओलं, खरखरीत लागलं की माणूस आपसूक हात धुवायला वळतो. ग्लोव्हजच्या आत त्याला काही कळतच नाही. अमेरिकेत रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरांत तिथल्या आरोग्य यंत्रणेने केलेली निरीक्षणं 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्लोव्हज घातलेले असताना कामगार हात कमी वेळा धुतात, असंच त्यांत दिसलं. आत घाम साचतो, ऊब असते, जंतू वाढतात, आणि ग्लोव्हला बारीक भोक पडलं की तेच बाहेर झिरपतं. म्हणून घालण्याआधी हात धुवायचे आणि काढल्यावरही धुवायचे. ग्लोव्हजने धुण्याचं काम वाचत नाही, वाढतं. हे किती मालक आपल्या पोरांना सांगत असतील, मला शंका आहे.

आता प्रश्न असा की हात लागल्यावर ते अन्न पुन्हा तापणार आहे का? भाकरी हातावरच थापायची असते, ग्लोव्हज घालून ती थापता येणार नाही आणि थापायची गरजही नाही. ती लगेच तव्यावर आणि आरावर जाते. बटाटेवड्याचं सारण हाताने वळलं तरी पुढे कढईतलं तेल आहे. उकडीचे मोदक वाफेवर शिजतात. इथे नीट धुतलेला हात पुरतो. मात्र तळून निघालेला वडा पावात घालताना, कोशिंबीर कालवताना, कापलेलं कलिंगड भरताना, केकवर क्रीम लावताना पुढे विस्तव नाही. हाताचं जे असेल ते थेट पोटात.

या नियमाला एक पाचर आहे, आणि मिठाईवाल्यांनी ती लक्षात ठेवावी. स्टॅफिलोकॉकस अन्नात वाढला की विष सोडतो, आणि हे विष उकळूनही सहजासहजी नष्ट होत नाही. हाताने वळलेले पेढे उन्हाळ्यात काउंटरवर तासन् तास राहिले, किंवा खवा हाताळून तसाच उबेत ठेवला, तर नंतर गरम करून भागत नाही. हाताला फोड किंवा चिघळलेली जखम असलेला कारागीर तिथे नकोच.

कायदा काय म्हणतो? आपल्याकडे 2011 च्या अन्नसुरक्षा नियमावलीचं परिशिष्ट 4 पाहावं लागतं. त्यात गाडीवाल्यांसारख्या छोट्या विक्रेत्यांसाठी भर आहे तो कापलेल्या नखांवर आणि कामाआधी, संडासला जाऊन आल्यावर, कच्च्या मालाला हात लावल्यावर साबणाने हात धुण्यावर. मोठ्या व्यवसायांच्या भागात टोपी, मास्क यांच्या जोडीला ग्लोव्हजचाही उल्लेख येतो. अमेरिकेच्या नमुना नियमांची (ते स्वीकारायचे की नाही हे प्रत्येक राज्य ठरवतं) पद्धत वेगळी: तयार अन्नाला उघडा हात लागू द्यायचा नाही, मग मध्ये ग्लोव्ह ठेवा, चिमटा ठेवा की कागद ठेवा. कॅलिफोर्नियाने 2014 च्या जानेवारीत हा नियम सक्तीचा केला. सुशी करणारे आणि बारवाले खवळले, आणि त्याच वर्षाच्या मध्यावर तो मागे घेतला गेला. हात धुणं आणि उघड्या हाताचा स्पर्श शक्य तितका कमी ठेवणं, या जुन्या नियमावर राज्य परत आलं.

ग्लोव्हजच्या जातींबद्दल थोडक्यात. पार्सलबरोबर येतात ते पातळ, ढगळ प्लॅस्टिकचे सर्वांत स्वस्त. हातातून निसटतात, पण झटकन बदलता येतात, हा त्यांचा मोठा गुण. व्हिनाइलचे लवकर फाटतात. नायट्राइलचे टिकाऊ, म्हणूनच दिवसभर न बदलता वापरायचा मोह त्यांच्याच बाबतीत जास्त. लेटेक्सची काहींना ॲलर्जी असते आणि ती अन्नावाटेही त्रास देऊ शकते, त्यामुळे अमेरिकेतल्या काही राज्यांनी खाद्यपदार्थांसाठी लेटेक्सवर बंदीच घातली आहे. आणि तापल्या तव्याशी, कढईशी यातला कुठलाच घालू नये. प्लॅस्टिक वितळून बोटाला चिकटतं.

गाडीवाल्याची अडचणही खरी आहे. धुवायचं म्हटलं तर नळ कुठाय? वीस लिटरच्या कॅनमध्ये भांडी विसळायची, लोकांना प्यायला द्यायचं आणि हातही धुवायचे. अशा वेळी ग्लोव्हज हा सोपा मार्ग वाटतो, शिवाय गिऱ्हाईकही खूश. माझ्या मते त्याने तेच पैसे तोटी असलेल्या वेगळ्या कॅनवर, साबणावर आणि दोन चिमट्यांवर घालावेत. क्यूआर कोडमुळे नोटा हाताळणं कमी झालंय, ते फुकटात पदरात पडलेलं. पैसे घेणारा आणि पाव भरणारा माणूस वेगळा ठेवता आला तर अर्धं काम झालं.

पाणीपुरीचं काय, हे विचाराल. पुरीला अंगठ्याने भोक, मग हात मनगटापर्यंत पाण्यात, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी. ते पाणी तापत नाही आणि गाडी बंद होईपर्यंत बदललंही जात नाही. तिथे ग्लोव्ह घातलेला हात बुडाला काय किंवा उघडा बुडाला काय, त्यावर जे असेल ते मडक्यात उतरतं. पाणी डावाने ओतणारे किंवा तोटीतून सोडणारे आहेत. फक्त संध्याकाळची गर्दी वाढली की डाव बाजूला पडतो, कारण बुडवून देण्यात दोन सेकंद वाचतात आणि समोर ‘भैया, एक तिखा’ म्हणत सहा जण द्रोण घेऊन उभे असतात.