घरसामानाचा विमा : अपघाती नुकसानीचे अपवाद

घरसामानाच्या विम्यात अपघाती नुकसान म्हणजे कुणाच्या मनात नसताना, अचानक आणि बाहेरच्या कारणाने वस्तूची झालेली मोडतोड. लहान मुलाच्या धक्क्याने आडवा झालेला टीव्ही, हातातून निसटलेला लॅपटॉप ही नेहमीची उदाहरणे. भारतातल्या साध्या गृहविम्यात असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. विमापत्रातली अपवादांची यादी वाचून मात्र हे कळत नाही, कारण पडून फुटलेल्या टीव्हीचा त्या यादीत उल्लेखच नसतो. तो मुळात संरक्षणाच्या यादीत आलेला नसतो. घटना संरक्षणाच्या यादीत नसणे आणि त्या यादीत असूनही अपवादाने बाहेर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दाव्याचा वाद उभा राहिला की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने (इर्डा) सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. घराच्या इमारतीचा विमा घेतला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये, इतके संरक्षण सामानालाही आपोआप मिळते. वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. इमारतीचा विमा ४० लाखांचा असेल तर सामानाला ८ लाख. ही पॉलिसी ठरावीक संकटांची आहे : आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा नळ फुटणे वगैरे. बाहेरची वस्तू आदळून झालेले नुकसानही तिच्यात आहे. पण तिथे दिलेली उदाहरणे वाहन, पडणारे झाड, विमान, भिंत अशी आहेत. टेबलावरून खाली पडलेल्या टीव्हीवर बाहेरचे काही आदळलेले नसते, तोच जमिनीवर आदळलेला असतो.

विजेच्या उपकरणांचा अपवाद सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. जादा दाब, शॉर्टसर्किट, ठिणगी, आपोआप तापणे किंवा वीजगळती यांमुळे एखादे उपकरण जळाले तर त्या उपकरणाची भरपाई मिळत नाही, मग कारण वीज पडणे असले तरीही. 'वीज कोसळणे' हे संकट पॉलिसीत पाहून निर्धास्त झालेला माणूस इथे फसतो. मात्र हा अपवाद फक्त त्याच उपकरणापुरता आहे. फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट होऊन आग लागली आणि ती पडदे, सोफा, कपाटापर्यंत गेली, तर फ्रिज बाहेर राहतो, पण बाकीच्या सामानाचे नुकसान आगीचे म्हणून भरून मिळण्याजोगे असते. 'आग शॉर्टसर्किटने लागली, म्हणून दावाच बसत नाही' असे कुणी तोंडी सांगितले तर ते मान्य करून गप्प बसू नये. लेखी कारण आणि कलम मागावे.

पाण्याच्या बाबतीत वेग पाहिला जातो. वरच्या मजल्यावरची टाकी फुटून घरात पाणी आले तर ते संरक्षणात बसते. पावसाळाभर भिंत पाझरत राहिली, ओल धरली, कपाटामागची प्लायवूड फुगली, गादीला बुरशी आली, तर ते हळूहळू झालेले नुकसान ठरते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी घरात शिरलेले पाणी आणि एरवी दर जूनमध्ये छतातून टिपटिपणारे पाणी विम्याच्या दृष्टीने एक नव्हे. कोकणात आणि गोव्यात घराला ओल येणे हे पावसाळ्याचेच अंग असल्याने तिथल्या विमाधारकाने हळूहळू होणाऱ्या नुकसानीचा हा अपवाद आधीच वाचायला हवा. वाळवी, कसर, उंदीर, गंज, रंग उडणे, वापराने झिजणे हेही याच वर्गातले : त्यांत अचानक असे काही घडलेले नसते.

पडून फुटण्याची भरपाई हवी असेल तर वेगळे संरक्षण विकत घ्यावे लागते. गृहस्थांसाठीच्या जुन्या पॅकेज पॉलिसींत घरफोडी, काच फुटणे, घरगुती उपकरणांतला बिघाड, दागिन्यांचे 'ऑल रिस्क' (सर्व धोक्यांचे संरक्षण) असे स्वतंत्र विभाग असतात आणि त्यांतले हवे ते निवडता येतात. 'ऑल रिस्क' या नावावर मात्र जाऊ नये. झीज, कीड, धुण्यात, रंगवण्यात किंवा दुरुस्तीत झालेली खराबी, नुसते ओरखडे आणि वस्तूचा अंगभूत दोष त्यातूनही साधारणतः वगळलेले असतात. ब्रिटनमध्ये घरसामानाच्या विम्यात अपघाती नुकसान ही सर्रास मिळणारी जोड आहे, तरी पाळीव प्राण्याने कुरतडलेला सोफा तिथेही अनेक पॉलिसींतून बाहेर असतो. लंडनला राहणाऱ्या नातलगाच्या अनुभवावरून पुण्यातल्या पॉलिसीचा अंदाज बांधणे त्यामुळे धोक्याचे.

'भारत गृह रक्षा'त एरवीची चोरी नाही. पूर, आग अशा विमित घटनेनंतर सात दिवसांच्या आत, त्या घटनेमुळेच झालेली चोरी तेवढी आहे. हरवलेली, कुठे ठेवली ते न आठवणारी वस्तू वगळलेली. दागिने, चांदीची भांडी, चित्रे यांना आपोआप मिळणाऱ्या सामानात जागा नाही. त्यांचा ऐच्छिक विमा घ्यावा लागतो. रोख रक्कम आणि कागदपत्रेही बाहेर. घरफोडीची पॉलिसी वेगळी घेतली तरी तिची व्याख्या पाहावी. हरचंद राय चंदन लाल प्रकरणात (२००४) पॉलिसीने बळजबरीने शिरणे ही अट घातली होती; तसे काही घडले नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने माल चोरीला गेला तरी दावा नाकारला.

सिद्ध कुणी करायचे, हा प्रश्न सुरुवातीच्या फरकाकडे परत नेतो. यादीतले संकट घडले हे विमाधारकाने दाखवायचे. ते दाखवल्यावर अपवाद लागू होतो हे कंपनीने सिद्ध करायचे. टेक्स्को मार्केटिंग प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले आणि अपवादाची कलमे ग्राहकाच्या निदर्शनास आणून देणे हे कंपनीचे कर्तव्य मानले. म्हणून नुकसानीनंतर सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत जळके-भिजके सामान फेकू नये, फोटो काढावेत आणि दाव्याच्या अर्जात घटनाक्रम काटेकोर लिहावा : 'फ्रिज जळाला' आणि 'फ्रिजमधून आग लागून खोली जळाली' ही दोन वाक्ये दोन वेगळ्या कलमांत जातात. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जावे. मुंबई आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत आणि तिथे तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.