खांद्याचं ऑपरेशन करायचं म्हणताय? पट्टा घ्यायच्या आधी हे वाचा

आम्ही खांद्याचे पट्टे आणि स्लिंग मापाने शिवून देतो, ऑपरेशन आमचं काम नाही, पण मस्क्युलर डिस्ट्रॉफीवाले (स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा आनुवंशिक आजार) आणि त्यातही एफएसएचडीवाले (त्यातला चेहरा, खांदे, दंड यांचे स्नायू आधी धरणारा प्रकार) माप द्यायला आले की हाच विषय निघतो म्हणून हे लिहून ठेवलंय.

एफएसएचडीत पाठीवरचं पसरट हाड, म्हणजे स्कॅप्युला, बरगड्यांना धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात, हात उचलायला गेलं की ते हाड पंखासारखं बाहेर येतं आणि हात अर्ध्यातच अडतो. गंमत म्हणजे खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू, जो हात उचलतो, तो बऱ्याच जणांचा बरा असतो, त्याला फक्त टेकायला जागा नसते. डॉक्टर तपासताना ते हाड हाताने दाबून धरतात आणि हात उचलायला सांगतात, तेव्हा हात चांगला वर गेला तर ऑपरेशनचा उपयोग होण्यासारखा आहे, नाही गेला तर फारसा नाही. ड्यूशेनमध्ये, म्हणजे लहानपणीच सुरू होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात, डेल्टॉइडही कमजोर होतो, शिवाय हृदय-फुफ्फुसांचा प्रश्न, त्यामुळे तिथे हे सहसा करत नाहीत.

ऑपरेशनमध्ये ते हाड तारांनी, कधी प्लेट लावून बरगड्यांना बांधतात आणि बहुतेक वेळा कंबरेच्या हाडाचा तुकडा मध्ये घालून कायमचं जोडतात. स्नायू यातून बरे होत नाहीत हं. हात साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत किंवा थोडा वर जातो, ओढल्यासारखं दुखणं कमी होतं, पण हात पाठीमागे नेणं अवघड होऊ शकतं. छातीत हवा शिरणं, बरगडी मोडणं, हाताची नस ताणली जाणं, हाड न जुळणं हे धोके आहेतच, म्हणून आधी फुफ्फुसांची टेस्ट करतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव स्वतः सांगा, सक्सिनिलकोलीन नावाचं औषध या आजारात टाळतात.

आता खरी अडचण, जी कुणी आधी विचारातच घेत नाही. हात दोन-तीन महिने बांधलेला राहतो आणि तुम्ही जर खुर्चीतून हाताचा जोर देऊनच उठत असाल तर तेवढे दिवस उठवणार कोण, संडास-अंघोळीला कोण, हे आधी घरात बोलून घ्या, दोन्ही बाजू सहसा एकदम करत नाहीत ते याच्यासाठीही.

नुसत्या पट्ट्याने भागेल का असंही विचारतात. खरं सांगायचं तर हाड दाबून ठेवेल इतका घट्ट पट्टा दिवसभर सहन होत नाही, काखेत काचतो, घाम येतो, बरेच जण काढून ठेवतात.

ऑपरेशन ठरलंच तर स्लिंग कुठल्या कोनात हवी ते सर्जनकडून लिहून आणा आणि माप आधीच देऊन जा, नंतर हात हलवून माप घेता येत नाही.