मामेऱ्यातला नरसी आणि झुलण्यातला नरसिंह

‘वैष्णव जन’ गांधीजींनी लिहिलेलं नाही, नरसी मेहत्याचं आहे. आणि हिंगोलीकडचं नरसी गाव नामदेवांचं, त्याचा या नरसीशी संबंध नाही. हे बहुतेकांना माहीत असतं. माझं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला: ‘नरसी मेहता आपल्या कुंवरबाईनुं मामेरुं या काव्यात म्हणतात...’

मामेरुं म्हणजे लेकीच्या सीमंताला माहेरून जाणारा आहेर, आणि कुंवरबाई ही नरसीची लेक. पण हे काव्य प्रेमानंदाचं आहे. नरसी, म्हणजेच नरसिंह, जुनागढचा, पंधराव्या शतकातला. प्रेमानंद भट्ट वडोदऱ्याचा, सतराव्या शतकातला. एक कवी, दुसऱ्याने त्या कवीला आख्यानाचा नायक केलं.

प्रेमानंद माणभट्ट होता. माण म्हणजे धातूची घागर. बोटांत अंगठ्या घालून तिच्यावर ठेका धरायचा आणि जमलेल्या गर्दीला कथा सांगायची. गर्दी उठून जाऊ नये म्हणून प्रसंग रंगवावाच लागतो. लेकीचं सीमंत, बाप मोडक्या गाडीतून वैरागी घेऊन आलेला. न्हाणीत उकळतं पाणी, विसण द्यायचं सोडून सासरची माणसं थट्टा करतात. तो गातो आणि पाऊस पडतो. हे कडव्याकडव्यांनी पुढे सरकतं. (गुजराती कडवं आपल्या कडव्याएवढं नसतं, छोटं प्रकरणच असतं.)

नरसिंहाच्या प्रभातियांत, म्हणजे पहाटे गायच्या पदांत, असलं काही नाही. सासर नाही, आहेर नाही, पुढे काय होणार ही उत्सुकता नाही. झुलणा छंद, ओळीला 37 मात्रा, 10-10-10-7 अशा झोक्याने जाणाऱ्या. ‘नीरखने गगनमां’ हे पद घ्या. पहाटे आभाळाकडे बघणारा माणूस विचारतो, हा कोण भरून राहिलाय? पुढे वात नाही, तेल नाही, तरी अचल तेवणारा दिवा येतो. कथा शोधणाऱ्याला इथे काही सापडणार नाही. मला विचाराल तर आधी हे वाचा, मामेरुं नंतर.

गोंधळाला खरं कारणही आहे. नरसीच्या चरित्रातल्या हुंडी, हार, मामेरुं या प्रसंगांवरची पदं नरसिंहाच्या नावावरही मिळतात. पण त्याच्या काळातलं हस्तलिखित हाती नाही, पदं तोंडोतोंडी आली, आणि ‘भणे नरसैंयो’ (नरसी म्हणतो) ही छाप, म्हणजे पदातली कवीची नाममुद्रा, मागाहून कुणीही लावू शकत होतं. म्हणून नुसती छाप बघून आत्मचरित्र काढू नये. ही पदं त्याचीच का, यावर गुजरातीतले अभ्यासक अजून वाद घालतात.

आपल्याकडे महिपतींनी 1762 च्या भक्तविजयात नरसीचं चरित्र ओवीबद्ध केलं आणि ते कीर्तनांतून घरोघरी गेलं. त्यामुळे आपल्याला त्याचे चमत्कार पाठ, त्याची कविता मात्र एका भजनापुरती. खरं तर त्याची पदं मराठी कानाला परकी नाहीत. कितीतरी पदांच्या शेवटी तो गुजरातीतला षष्ठीचा ‘नो’ (आपला ‘चा’) सोडून ‘नरसैंयाचो स्वामी’ म्हणतो. तो ‘चो’ मोठ्याने म्हणून बघा.