रोजच्या एका ओबोलसाठी केलेलं भाषण

ख्रिस्तपूर्व ४०३ नंतरच्या काही वर्षांतलं हे प्रकरण. प्राचीन ग्रीसमधल्या अथेन्समध्ये काम करता न येणाऱ्या गरीब अपंग नागरिकाला सरकारी खजिन्यातून रोज एक ओबोल, म्हणजे चांदीचं एक छोटं नाणं, मिळे. न्यायसभेत बसणाऱ्या ज्यूरीचा दिवसाचा भत्ता तीन ओबोल होता, यावरून ही रक्कम किती किरकोळ ते कळतं. अशा एका माणसावर कुणीतरी आक्षेप घेतला: हा घोड्यावर बसतो, धंदा करतो, पैसेवाल्यांत उठबस करतो, याला भत्ता कशाला? फैसला पाचशे जणांच्या मंडळापुढे व्हायचा होता. आजच्यासारखे वकील तिथे नव्हते, आपलं म्हणणं आपणच मांडायचं. भाषण मात्र पैसे देऊन लिहून घेता येई. लिसियास हा त्या धंद्यातला नामांकित लेखक. या अपंग माणसाचं भाषण लिसियासच्याच नावावर आजही वाचायला मिळतं.

पुढे काही दशकांनी ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने मन वळवण्याची तीन साधनं सांगितली. बोलणाऱ्याविषयी वाटणारा विश्वास म्हणजे एथोस, ऐकणाऱ्याच्या मनात जागवलेली भावना म्हणजे पॅथोस आणि युक्तिवाद म्हणजे लोगोस. नावं तर कुणालाही पाठ होतात. खरी मेख आहे ती अॅरिस्टॉटलने प्रत्येक साधनाला घातलेल्या अटींत, आणि नेमक्या त्याच बहुतेकदा सांगायच्या राहून जातात.

आधी युक्तिवाद पाहू. हा माणूस म्हणतो, घोडा माझा नाही, मागून आणलेला आहे. ऐपत असती तर खोगीर घातलेल्या खेचरावरून फिरलो असतो. इतर जण एक काठी वापरतात, मी दोन. मग त्यावरूनही मला धडधाकट का ठरवत नाही? धडधाकट माणूस दोन काठ्या घेऊन हिंडत नाही, हे वाक्य तो उच्चारत नाही. ते ऐकणाऱ्याने मनात पुरं करायचं. अॅरिस्टॉटल अशा युक्तिवादाला फार महत्त्व देतो. गाळलेला दुवा स्वतः जोडला की निष्कर्ष आपलाच वाटू लागतो. धोकाही तिथेच आहे: गाळलेला दुवा तपासला जात नाही. या भाषणात एक मोठी जागा मोकळी आहे. धंद्यातून फारसं काही मिळत नाही असं तो सांगतो, पण किती मिळतं याचा आकडा कुठेच देत नाही. पात्रता गरिबीवरच ठरत असताना!

असली फट कुणाला दिसते? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड पेटी, जॉन कॅसिओपो आणि रेचल गोल्डमन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पदवीआधी एक सर्वंकष परीक्षा सक्तीची करावी, असा प्रस्ताव ऐकवला. ती पुढच्याच वर्षी लागू होईल असं ज्यांना सांगितलं, त्यांच्यावर मुद्दे भक्कम की पोकळ याचा परिणाम जास्त झाला. दहा वर्षांनी लागू होणार असं ऐकलेल्यांवर मात्र प्रस्ताव तज्ज्ञांचा की शाळकरी मुलांचा, याचाच प्रभाव अधिक पडला. स्वतःला झळ बसणार असेल तर माणूस मुद्दे जास्त चाळतो. नाहीतर बहुधा तोंड बघून मत देतो.

विश्वासाला अॅरिस्टॉटल तीन पाय देतो: समज, सचोटी आणि ऐकणाऱ्याविषयी सद्भाव. समज नसेल तर सल्लाच चुकतो. सचोटी नसेल तर योग्य ते माहीत असूनही माणूस बोलत नाही. दोन्ही असून सद्भाव नसेल, तर चांगला सल्ला तो स्वतःजवळच ठेवतो. शिवाय हा विश्वास भाषणातूनच उभा राहिला पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर नव्हे. आपला अर्जदार सांगतो की लोकशाही मोडून अथेन्सवर राज्य करणाऱ्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांच्या काळात तो लोकशाहीवाद्यांबरोबर खाल्किस या शहरात निघून गेला होता. लोकशाही परत आल्यावरच्या त्या मंडळात याचं वजन किती असेल, हे सांगायला नको. उसन्या नावाचं वजन मात्र टिकत नाही. कार्ल हॉव्हलंड आणि वॉल्टर वाइस यांच्या १९५१ सालच्या प्रयोगात तोच मजकूर विश्वासार्ह नावाने दिला तेव्हा लगेच जास्त लोकांना पटला. चार आठवड्यांनी हा फरक जवळपास उरला नाही. मजकूर कुणाचा हे लोक साफ विसरले होते असंही नाही. मजकूर आणि नाव यांची मनातली सांगड सुटली होती.

सगळ्यात ढिलाई होते ती भावनेच्या बाबतीत. रडगाणं गायलं की दया येते, हा गैरसमज. अॅरिस्टॉटलच्या मते दया वाटायला संकट नाहक ओढवलेलं हवं, ते आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही येऊ शकेल असं वाटायला हवं, आणि ते जवळ आल्यासारखं दिसायला हवं. यातली एक अट निसटली तरी ऐकणारा ‘अरेरे’ म्हणून मोकळा होतो. भीतीला तर आणखी एक अट आहे: सुटकेची थोडी आशा शिल्लक पाहिजे. भीतीमुळे माणूस उपाय शोधतो, पण सगळं संपलंच असेल तर शोधायचं काय?

या अटीशी जुळणारा एक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपुस्तिका दिली. काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणारी. भयंकर पुस्तिका वाचलेल्यांना लस जास्त महत्त्वाची वाटली, पण लस टोचून घेणाऱ्यांच्या संख्येत त्याने फरक पडला नाही. फरक पडला तो वेगळ्याच कागदाने. त्यात आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा आणि लशीच्या वेळा होत्या, आणि आपल्या आठवड्यात कधी जमेल ते बघा अशी विनंती होती. हा कागद नसलेल्या गटात सुमारे ३ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली, कागद मिळालेल्यांत सुमारे २८ टक्क्यांनी. नुसता नकाशा मिळून भीतीचा मजकूर न वाचलेल्यांपैकी मात्र कुणी फिरकलं नाही. आणि शेवटच्या वर्षाच्या त्या मुलांपैकी बहुतेकांना केंद्र कुठे आहे ते आधीपासून ठाऊकच होतं.