कट प्रॅक्टिस आली कुठून

"तिथेच करा हं, बाकीच्यांचा रिपोर्ट मला चालत नाही." हे वाक्य ऐकलं नाही असा पेशंट महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, आणि मग महिनाअखेरीला लॅबचा पीआरओ पाकीट घेऊन दवाखान्यात हजर. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारं हे कमिशन म्हणजेच कट.

आता हे सगळं डॉक्टर मुळातच लोभी म्हणून होतं असं मला तरी वाटत नाही. 80 च्या दशकात वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडलं, डॉक्टर वाढत गेले, सरकारी जागा काही त्या हिशोबात वाढल्या नाहीत, मग तालुक्याच्या गावातसुद्धा एकाच गल्लीत तीन-तीन नर्सिंग होम. मंडईत गाळे वाढले की भाजी उतरते. इथे उलटं होतं, कारण एमआरआय कुठला चांगला नि किती रुपयांचा रास्त हे पेशंटला कळत नाही, तो फॅमिली डॉक्टर बोट दाखवेल तिकडे जातो, म्हणजे चढाओढ पेशंटसाठी नाही तर त्या बोटासाठी! त्यात मशीन कर्जावर घेतलेलं, हप्ता पेशंट आले काय न आले काय भरायचाच. नवीन सर्जन म्हणाला मी कट देणार नाही, तर त्याची ओपीडी रिकामी. आणि कटाचे पैसे शेवटी पेशंटच्याच बिलात.

बरं, बंदी नाही असंही नाही. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2002 च्या आचारसंहितेत कमिशन देणं-घेणं दोन्ही मना आहे, पण कॅशच्या व्यवहाराचा पुरावा आणणार कुठून? तो 2013 ला आयताच मिळाला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या संशोधनाचे, त्यांनी पेशंटला एमआरआयला पाठवलं आणि सेंटरकडून त्यांच्या नावाने चक्क 1200 रुपयांचा चेक आला. त्यांनी सरळ महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली.

मग 2017 मध्ये मुंबईत एशियन हार्ट हॉस्पिटलने होर्डिंग लावलं, आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही म्हणून. त्यावर आयएमए, म्हणजे डॉक्टरांची संघटना, भडकली, कमिशनवर नाही, होर्डिंगवर. त्याच वर्षी सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही झाला, त्यात तुरुंगवासाची तरतूद होती. कायदा मात्र झाला नाही. कौन्सिलचा हात अजूनही फक्त डॉक्टरपर्यंत पोचतो, चेक पाठवणाऱ्या सेंटरपर्यंत नाही.