जिवंत देखावा

गणपतीच्या मांडवात पुतळ्यांऐवजी खरी माणसं उभी करून गोष्ट सांगायची, याला जिवंत देखावा म्हणतात. सांगली, मिरज, सातारा, कराड या पट्ट्यात ही पद्धत चांगलीच रुळलीय. मंडळाचीच पोरं पात्रं होतात, संवाद आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले असतात, स्पीकरवर आवाज सुरू झाला की पोरं त्यावर ओठ आणि हात हलवतात, दहा-पंधरा मिनिटांत खेळ आटपतो, पडदा पडतो, गर्दी पुढच्या मंडळाकडे सरकते आणि नवी गर्दी जमली की तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून. अभिनय बऱ्याचदा यथातथाच, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण बघणारा खुर्चीत नसतो, रस्त्यातच उभा असतो आणि मावळे कधी कधी त्याच्याच खांद्याला घासून पुढे जातात.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं. त्या खेळांत सूत्रधार पदं म्हणायचा, पात्रं हावभाव करायची आणि मधेच आयत्या वेळी सुचेल ते बोलायची, राक्षस तर आरडाओरडा करत तलवारी नाचवतच यायचे. देखाव्यातही आवाज एकीकडून आणि अंग दुसऱ्याचं. सरळ वारसा म्हणणं जरा धाडसाचं होईल, पण साम्य आहे खरं.

गोष्ट जागेत मांडायची आणि माणसाला तिच्यात फिरवायचं हे जगभर चालतं. वाराणसीजवळच्या रामनगरची रामलीला महिनाभर चालते, अयोध्या एकीकडे, लंका दुसरीकडे, आणि माइक नाही की विजेचे दिवे नाहीत, पब्लिक रामाच्या मागं गावभर चालतं. इंडोनेशियातल्या बोरोबुदुरला नवव्या शतकातल्या स्तूपाला प्रदक्षिणा घालत भिंतीवरची बुद्धकथा वाचायची, म्हणजे पान उलटायचं काम पायांनीच करायचं. इटलीत वरालोच्या डोंगरावर 1486 पासून येशूची कथा वेगवेगळ्या देवळ्यांमध्ये माणसाएवढ्या मूर्तींनी मांडत नेलीय.

डोळ्यांवर चढवून आभासी जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटमध्ये मात्र माणूस एकटा पडतो, शेजारचा काय बघतोय पत्ता नाही. म्हणूनच की काय, 2017 मध्ये मेक्सिकन दिग्दर्शक इन्यारितू यांनी सीमा ओलांडणाऱ्या स्थलांतरितांवर व्हीआर केलं तेव्हा प्रेक्षकाला अनवाणी खऱ्या वाळूवर उभं केलं. त्याला खास ऑस्करही मिळालं. चष्मा कितीही भारी असू दे, पायाला काहीतरी लागावंच लागतं.

आपल्याकडं सगळ्यात जास्त वेळा मांडलेला प्रसंग बहुतेक अफजलखान वधाचाच असेल. तो 1659 मध्ये घडला प्रतापगडाच्या पायथ्याशी, म्हणजे सातारा जिल्ह्यातच, त्यामुळं गड चढून जाणाऱ्याला वेगळा देखावा लागत नाही. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली (ती शिवरायांचीच होती याची खात्री देता येत नाही असं त्या म्युझियमनंच सांगितलंय, तरी लोक ती बघायला आलेच). आणि मिरजेत गणपतीत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या स्वागत कमानी असतात, त्यातल्या एका कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून 2009 मध्ये दंगल पेटली होती. नाट्यगृहातलं नाटक नको असेल तर तिकीट काढू नका, पण भर रस्त्यावरची गोष्ट सगळ्यांच्याच वाटेत येते, हे मंडळांनी लक्षात ठेवायला हवं.

देखावे बघायला आसपासच्या गावातून लोक टेम्पो करून येतात, गर्दी चढते ती जेवणं उरकल्यावर, आणि स्पीकर रात्री दहाला बंद करायचा नियम आहे, ठराविक दिवशी बारापर्यंत सूट मिळते. त्यामुळं संवाद छोटे, लढाई मोठी आणि शेवटी आरती, असा बऱ्याच मंडळांचा हिशोब असतो.