टायगर वुड्सच्या एका विजयामागची बावीस वर्षं

१४ एप्रिल २०१९. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला ऑगस्टा नॅशनल गोल्फ क्लब. अठराव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, टायगर वुड्सनं शेवटचा हलका फटका मारून चेंडू होलमध्ये ढकलला आणि दोन्ही हात वर करून तो मोठ्यानं ओरडला. वादळाच्या अंदाजामुळे त्या रविवारी खेळ सकाळी लवकर सुरू केला होता. त्यामुळे एरवी आपल्याकडे पहाटे संपणारी मास्टर्स स्पर्धा त्या दिवशी मध्यरात्रीच्या सुमारासच संपली. टायगर तेव्हा ४३ वर्षांचा होता. गोल्फमधल्या ज्या चार मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात (मास्टर्स त्यांतलीच एक), त्यांतली एखादी जिंकून त्याला जवळजवळ अकरा वर्षं झाली होती.

ग्रीनच्या मागे त्याचा दहा वर्षांचा मुलगा चार्ली उभा होता. टायगरनं त्याला कवेत घेतलं. १९९७ साली ऑगस्टाची पहिली स्पर्धा जिंकल्यावर याच ठिकाणी त्याच्या वडिलांनी, अर्ल वुड्स यांनी, त्याला असंच छातीशी धरलं होतं. दोन्ही छायाचित्रं शेजारी शेजारी ठेवून जगभर फिरली. आपल्याला रडू आवरत नाही, असं सेरेना विल्यम्सनं लिहिलं. बराक ओबामांनी अभिनंदन केलं, तसंच डोनाल्ड ट्रम्प यांनीही केलं. पण त्याच संध्याकाळपासून दुसरा सूरही ऐकू येत होता. ज्यानं बायकोला वर्षानुवर्षं फसवलं, जो औषधांच्या अमलाखाली गाडीत बसलेला पोलिसांना सापडला, त्याला एका जेतेपदापायी डोक्यावर का घ्यायचं?

हे दोन्ही सूर त्या रविवारी अचानक उमटले नव्हते. टायगरच्या बाबतीत लोक पहिल्या दिवसापासून दुभंगलेले आहेत, आणि त्याची सुरुवात टायगरच्याही आधी, ऑगस्टाच्या फाटकापाशी होते.

हा क्लब बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी काढला आणि १९३४ पासून तिथे मास्टर्स भरू लागली. पुढची चाळीस वर्षं तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नाही. खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी मात्र सगळे कृष्णवर्णीय. मास्टर्समध्ये खेळाडूंनी क्लबचेच कॅडी घ्यायचे, हा नियम १९८३ पर्यंत टिकला. म्हणजे पांढऱ्या झग्यात दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्या गवतावर चालायला परवानगी होती, स्वतःचा चेंडू घेऊन यायला नव्हती. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या घटनेतच सदस्यत्व गोऱ्यांपुरतं ठेवणारं कलम होतं. ते १९६१ साली निघालं. त्यासाठी झगडलेला चार्ली सिफर्ड पुढे १९६७ आणि १९६९ मध्ये मोठ्या व्यावसायिक स्पर्धा जिंकला, तरी ऑगस्टाचं निमंत्रण त्याला आयुष्यात कधी आलं नाही. १९७५ मध्ये ली एल्डर हा तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय गोल्फपटू ठरला. जिवे मारण्याच्या धमक्या येत असल्यानं त्या आठवड्यात त्यानं गावात दोन घरं भाड्यानं घेतली होती, म्हणजे तो रात्री कुठे झोपतो हे कुणाला नक्की कळू नये. क्लबचा पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये झाला, आणि स्त्रियांना सभासदत्व मिळायला २०१२ उजाडलं.

टायगरच्या विजयाची तारीख १४ एप्रिल होती, हा निव्वळ योगायोग. पण बाबासाहेबांच्या जयंतीच्या रात्री ऑगस्टाचा हा इतिहास डोळ्यांसमोर असलेल्या मराठी माणसाला तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

तर १९९७. टायगर २१ वर्षांचा. पहिल्या दिवशी पहिल्या नऊ होलना त्याला ४० फटके लागले, म्हणजे पारपेक्षा, ठरलेल्या फटक्यांपेक्षा, चार जास्तच. हा पोरगा आज घरी जातो, असं वाटावं अशी सुरुवात. पुढचे नऊ होल त्यानं ३० फटक्यांत संपवले. चार दिवसांनी एकूण २७० फटके, म्हणजे पारपेक्षा १८ कमी, आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा १२ फटक्यांची आघाडी. हे बघायला ली एल्डर मुद्दाम आला होता. शेवटच्या फेरीआधी तो टायगरला भेटला.

त्याच आठवड्यात फझी झेलर हा जुना विजेता टायगरला 'तो लहान मुलगा' म्हणाला. पुढच्या वर्षी विजेत्यांच्या जेवणात तळलेलं चिकन ठेवू नकोस म्हणावं, असंही वर जोडलं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हिणवायचे हे ठरलेले शब्द आहेत. झेलरला माफी मागावी लागली आणि त्याचा एक प्रायोजकही गेला. दुसरीकडे खुद्द टायगर दूरचित्रवाणीवर म्हणाला की तो स्वतःला फक्त कृष्णवर्णीय मानत नाही. आई थायलंडची, वडिलांकडून अनेक वंशांचं रक्त, म्हणून लहानपणी त्यानं स्वतःसाठी 'कॅब्लिनेशियन' असा शब्द जुळवला होता. बऱ्याच कृष्णवर्णीय अमेरिकनांना हे लागलं. ज्यांनी त्याला आपला म्हणून छातीशी धरलं होतं, त्यांच्यापासून तो अंग काढून घेतो आहे, असं त्यांना वाटलं. मला त्यात टायगरची चूक दिसत नाही, कारण आईला वगळून स्वतःची ओळख सांगायला तो तयार नव्हता. पण ज्यांना वाईट वाटलं त्यांचं दुःखही खोटं नव्हतं.

यावर आणखी एक थर चढला, तो जाहिरातीचा. नायकेनं १९९६ मध्येच त्याच्याशी पाच वर्षांसाठी सुमारे ४ कोटी डॉलरचा करार केला होता. आपला मुलगा इतिहासातल्या कुठल्याही माणसापेक्षा मानवजातीचं जास्त भलं करेल, असं त्याचे वडील त्याच वर्षी जाहीरपणे म्हणाले. बापाच्या मायेतून आलेलं बोलणं म्हणून ते समजून घेता येतं. पण कंपन्यांनी तीच प्रतिमा विकली. शांत, शिस्तीचा, घरंदाज, निष्कलंक टायगर. घड्याळं, मोटारी, सल्लागार कंपन्या, पेयं, सगळ्यांना तोच हवा होता. २००९ मध्ये लोक एवढे का चिडले याचं अर्धं उत्तर इथेच आहे. लोकांना गोल्फपटूबरोबर एक चारित्र्यही विकलं गेलं होतं.

खेळ मात्र खरा होता, त्यात काही विकत घेतलेलं नव्हतं. २००० साली पेबल बीचवर त्यानं यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली. त्या वर्षीची ब्रिटिश ओपन आणि पीजीए, मग २००१ ची मास्टर्स धरून चारही मेजर एकाच वेळी त्याच्या नावावर होत्या. जून २००८ मध्ये टोरी पाइन्सच्या यूएस ओपनमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा स्नायुबंध फाटलेला होता आणि नडगीच्या हाडाला दोन ठिकाणी तडे गेले होते. फटका मारला की तो काठीवर रेलायचा. अशा पायावर तो ९१ होल खेळला आणि सोमवारी रॉको मीडिएटला हरवून चौदावी मेजर जिंकला. जॅक निकलसचा १८ मेजरचा विक्रम आता थोड्याच दिवसांचा, असं सगळे धरून चालले होते.

२७ नोव्हेंबर २००९ च्या पहाटे फ्लोरिडात घराबाहेरच त्याची गाडी अग्निशमनाच्या नळाला आणि झाडाला धडकली. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याचे अनेक विवाहबाह्य संबंध उघडकीला आले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यानं कॅमेऱ्यासमोर माफी मागितली, ऑगस्टमध्ये घटस्फोट झाला. ॲक्सेंचर, एटी अँड टी, गेटोरेड निघून गेले, नायके राहिली. एप्रिलमध्ये तो ऑगस्टाला परतला तेव्हा क्लबचे अध्यक्ष बिली पेन यांनी, त्यानं आपल्या मुलानातवंडांची निराशा केली, असं पत्रकारांसमोर सुनावलं. ज्या क्लबात तेव्हा एकही स्त्री सभासद नव्हती, तिथून हे बोल आले होते.

त्या काळात वर्तमानपत्रांत त्याच्याशी संबंध असलेल्या स्त्रियांच्या फोटोंच्या रांगा छापल्या गेल्या, रात्रीच्या कार्यक्रमांत त्यांच्यावर विनोद झाले. त्याची पत्नी बहुतांशी गप्प राहिली. तिच्या नावानंही लोकांनी गमती केल्या. २०१९ च्या दुसऱ्या सुराचं मूळ या दिवसांत आहे. २०१३ मध्ये टायगर पुन्हा जगात पहिला आला, तेव्हा नायकेनं त्याच्या छायाचित्रावर एक वाक्य छापलं. जिंकलं की सगळं मार्गी लागतं, असा त्याचा अर्थ. टायगर ते गोल्फच्या क्रमवारीबद्दल पूर्वीपासून म्हणत आला होता, पण ज्यांनी २००९ पाहिलं होतं त्यांच्या ते जिव्हारी लागलं. सहा वर्षांनी ऑगस्टात टाळ्या कडाडल्या तेव्हा अनेकांना तेच वाक्य आठवलं असणार.

मग पाठ गेली. गोल्फच्या फटक्यात खांदे एकीकडे वळतात, कंबर त्यांना उलटं खेचते, आणि ही पिळवटणूक कमरेच्या शेवटच्या मणक्यांवर येते. टायगर लहानपणापासून हे दिवसाला शेकडो वेळा करत होता, तेही इतरांहून जास्त वेगानं. २०१४ मध्ये पाठीची पहिली शस्त्रक्रिया झाली, २०१५ मध्ये आणखी दोन. एप्रिल २०१७ मध्ये ऑगस्टाला जुन्या विजेत्यांच्या जेवणाला चालत जाता यावं, एवढ्यासाठी त्यानं आधी मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन घेतलं होतं. त्याच महिन्यात चौथी शस्त्रक्रिया झाली. तिच्यात झिजलेली गादी काढून कण्याच्या तळाशी दोन हाडं एकमेकांना कायमची जोडतात. ती स्पर्धेत परतण्यासाठी नव्हती. मुलांबरोबर उठता-बसता यावं, रात्री झोप लागावी, यासाठी होती.

मेमध्ये फ्लोरिडात मध्यरात्रीनंतर तो रस्त्याकडेला गाडीत झोपलेला पोलिसांना सापडला. शरीरात दारूचा अंश नव्हता. वेदनाशामकं, झोपेची गोळी असं पाच प्रकारचं औषध होतं. पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण सगळ्यांनी पाहिलं. बुटाची नाडी बांधायची धडपड, सरळ रेषेत चालता न येणं, सुजलेला चेहरा. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा त्यानं कबूल केला. नोव्हेंबरमध्ये त्याचा जागतिक क्रमांक होता ११९९.

माझ्या मते लोकांची मनं इथे वळली. २००९ चा टायगर गर्विष्ठ आणि खोटा वाटला होता. २०१७ चा माणूस दुखण्यानं खचलेला होता, आणि घराघरात कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असते. सप्टेंबर २०१८ मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेकवर तो पाच वर्षांनी एखादी स्पर्धा जिंकला, तेव्हा दोऱ्या ओलांडून हजारो लोक अठराव्या फेअरवेवरून, म्हणजे होलकडे नेणाऱ्या हिरवळीवरून, त्याच्या मागे चालू लागले. गोल्फमध्ये प्रेक्षक असं सहसा करत नाहीत.

ऑगस्टाच्या त्या रविवारी तो फ्रान्सिस्को मोलिनारीच्या दोन फटके मागे होता. तिसऱ्या फेरीअखेर मागे असताना टायगरनं तोवर एकही मेजर जिंकली नव्हती. बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा, पण पुढ्यात रेज क्रीक नावाचा ओढा, आणि झाडांवरून वारा कधी कुठून फिरेल याचा नेम नाही. पुढच्या गटातल्या ब्रुक्स केप्का आणि इयन पोल्टर यांचे चेंडू ओढ्यात गेले. मग मोलिनारीचा चेंडू काठावर पडून पाण्यात घरंगळला. टोनी फिनाउचाही तसाच. होलचा झेंडा उजवीकडे, पाण्याला लागून होता. टायगरनं तिकडे नुसतं पाहिलं आणि चेंडू मध्यावर, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, वरून, जिथे जागा मोठी होती तिथे टाकला. तीन फटक्यांत तो होल संपवून चालू लागला तेव्हा तो मोलिनारीच्या बरोबरीला आला होता. तरुण टायगर झेंड्यावरच मारायला गेला असता की काय, कोण जाणे. पंधराव्या होलला मोलिनारी पुन्हा पाण्यात गेला, सोळाव्याला टायगरचा चेंडू होलच्या शेजारून घसरत दोन-तीन फुटांवर थांबला. शेवटी २७५ फटके, एका फटक्याची आघाडी.

गोल्फमध्ये याआधीही थोर पुनरागमनं झाली होती. बेन होगनच्या गाडीवर १९४९ मध्ये बस आदळली, तेव्हा त्यानं बायकोला वाचवायला स्वतःला तिच्यावर झोकून दिलं होतं. हाडं मोडलेल्या शरीरानं पुढच्याच वर्षी तो यूएस ओपन जिंकला. निकलस ४६ व्या वर्षी, १९८६ मध्ये, ऑगस्टाला जिंकला. या दोघांच्या विजयावर कुणी कपाळाला आठी घातली नाही. टायगरच्या जखमांपैकी काही त्याच्या त्यानंच केलेल्या होत्या, आणि त्यांतल्या काही दुसऱ्यांना झाल्या होत्या. त्या दिवशी रडणाऱ्यांनी पाठीवरचे टाके मोजले, नाराजांनी ही दुसरी माणसं आठवली. मी स्वतः रडणाऱ्यांत आहे. तरीही नाराज लोकांना 'झालं गेलं विसरा' म्हणायचा अधिकार मला नाही. तो फार तर त्या माणसांना आहे, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

तीनच आठवड्यांत, ६ मे रोजी, ट्रम्प यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं. दुबईत ट्रम्प यांच्या नावाच्या एका गोल्फ मैदानाच्या आराखड्याचं काम टायगरच्या कंपनीकडे होतं, त्यामुळे पुन्हा वाद पेटला. त्यानं पदक नाकारावं, असंही काहींनी लिहिलं. टायगर गेला. तिथे बोलताना त्यानं चार्ली सिफर्डचं नाव घेतलं. सिफर्डला हेच पदक २०१४ मध्ये ओबामांकडून मिळालं होतं, आणि दुसऱ्याच वर्षी तो वारला. तो मला कधी नसलेल्या आजोबांसारखा होता, असं टायगर म्हणाला. आपल्या मुलाचं नाव चार्ली त्याच्यावरूनच ठेवलंय, हे त्यानं तिथे सांगितलं.